अंजिराजवळची शातूस

मी, कै. काझिमिर रूर यांची मुलगी नोएली रूर, वय वर्षे पंच्याहत्तर, अविवाहित, धंदा द्राक्षबाग, राहणार ला व्हर्नेद, जिल्हा आर्देश, हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघराच्या टेबलावर स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण नोटरी दाल्वेर्नी साहेब म्हणाले की कायदा फक्त डोके बघतो. माझ्यावर कोणीही दडपण आणलेले नाही. ज्याला आणायचे असेल त्याने येऊन बघावे.

साहेबांनी आणखी तीन गोष्टी सांगितल्या. अथपासून इतिपर्यंत अक्षर माझेच हवे. शाई एकच हवी. आणि मृत्युपत्रात गोष्टी सांगत बसायचे नसते, कोणाला काय द्यायचे तेवढे लिहायचे असते. पहिल्या दोन मी पाळणार आहे. तिसरीचे जमणार नाही, कारण माझ्याकडे द्यायला जे आहे ते एका गोष्टीमुळेच माझ्याकडे आले.

कलम पहिले. १९८७ साली मी एक मृत्युपत्र केले होते. त्यात बाग शातूस ही जुनी द्राक्षवेल जपणाऱ्या मंडळींना दिली होती आणि वरच्या रस्त्यावर माझ्या नावाची पाटी लावावी अशी अट घातली होती. ते मृत्युपत्र रद्द. पाटीही रद्द. का, ते सहाव्या कलमात कळेल.

कलम दुसरे. मला चेस्टनटच्या लाकडाच्या साध्या पेटीत ठेवावे. अंगावर निळा झगा घालावा, काळा नाही. काळ्यात मी इतकी माणसे पोचवली आहेत की तो आता बिचारा दमला असेल. आमचे पाद्रीबाबा सज्जन आहेत, पण त्यांनी गाऊ नये. नंतर सगळ्यांना कोबीचे सॉसेज, बकरीचे चीज आणि ज्याला हवे त्याला चेस्टनटचे सूप द्यावे. वाइन तळघरातली नव्वद सालची काढावी. पंच्याण्णवची कोणी काढली तर मी पेटीत उठून बसेन. शातूस सात-आठ वर्षे थांबल्याशिवाय माणसात येत नाही. त्याआधी प्यायली तर गाल आतून आवळतात, डोळ्यांत पाणी येते, आणि माणूस रडतो आहे की चव घेतो आहे ते समजत नाही. माझ्या अंत्यविधीला असा घोळ नको.

कलम तिसरे. घर, मागचे अंगण, तुतीची दोन झाडे आणि विहीर माझ्या भावाची नात मागाली रूर हिला द्यावी. मागाली एकोणतीस वर्षांची आहे आणि ओबनाला बस चालवते. घराला अट नाही, खोडी मात्र आहेत. ज्या माळ्यावर आम्ही पूर्वी रेशीमकिडे पाळायचो तो पश्चिमेच्या कोपऱ्यात गळतो. स्वयंपाकघराचे दार आधी उचलायचे, मग ढकलायचे. घराबरोबर एक मांजर येते. ते माझे नाही, ते फक्त जेवायला असते. पोस्टातल्या पुस्तकात जे आहे ते पेटी, जेवण आणि छप्पर या क्रमाने खर्च करावे.

कलम चौथे. पाठीवर बांधायचा तांब्याचा फवारा नर्स जोसियान पेलिए हिला द्यावा. ती रोज सकाळी मला सुई टोचायला येते आणि रोज त्या फवाऱ्याकडे बघते. तिला त्यात फुले लावायची आहेत. लावू दे. चाळीस वर्षे मी त्याला पाठीवर वाहिले, आता त्याने जरा शोभेला बसावे. दोन दात्यांची कुदळ, विलोच्या फोकांची टोपली आणि तळघरातली पिंपे मागालीला. कात्र्या दोन आहेत. त्यांच्याबद्दल पुढे.

कलम पाचवे. शेजारी रेजिस वेदेल, वय सत्तर, याच्याबद्दल.

१९५७ च्या मे महिन्यात याच्या बकरीने बांध ओलांडून माझ्या बावीस वेलींचे कोवळे फुटवे खाल्ले. मी तिला कान धरून याच्या दारात नेले, तर हा म्हणाला, "ही बकरी माझी नाहीच." तिच्या गळ्यातल्या घंटेवर याच्या बापाचे नाव होते. मी घंटा दाखवली तर म्हणाला, "घंटा आमची आहे. बकरीचं मला माहीत नाही." मग १९६४ पासून खालच्या बागेच्या कडेने त्याचा ट्रॅक्टर जावा की न जावा, यावर आम्ही भांडत आहोत. त्या वाटेत मी एक दगड ठेवला. त्याने तो हलवला. मी परत ठेवला. चौतीस वर्षे तो दगड आमच्याएवढाच चालला आहे.

माझ्यानंतर वाट रेजिसला कायमची द्यावी. दगडही त्याने घरी न्यावा. हे मी उपकार म्हणून करत नाही. त्याच्याकडून एक काम करून घ्यायचे आहे, ते सातव्या कलमात आहे.

कलम सहावे. शातूस.

घरामागच्या डोंगरावर दगडी बांधांच्या सात पायऱ्या आहेत. त्यांवर शातूसच्या एकशे पंच्याऐंशी वेली आहेत. माझ्या आजोबांच्या वेळी या सगळ्या दरीत हीच वेल होती. मग मुळे खाणारा किडा आला, मग लोकांनी दुसऱ्या वेली लावल्या, मग लोकच खाली शहरात गेले. आमची राहिली. चौदा-पंधरा वर्षांपूर्वी काही शिकलेली माणसे पिशव्या घेऊन आली, माझ्या वेलींच्या काड्या नेल्या, आणि आता खालच्या उतारांवर जी नवी शातूस दिसते तिच्यात माझ्या बागेचे रक्त आहे. वर्तमानपत्रात माझा फोटो आला: 'शातूस वाचवणारी बाई'. ते कात्रण कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेले आहे. त्याखाली हे कलम चिकटवावे.

ही सगळी बाग मी मागाली रूर हिला देते. देते हा शब्द चूक आहे. परत करते. ही बाग तिच्या आजोबांची, म्हणजे माझा भाऊ बातिस्त याची होती, आणि मी ती त्याच्याकडून घेतली. ती कशी, ते आता लिहिते. हे मी आजवर कोणालाही सांगितलेले नाही.

आधी छाटणीचे सांगते, नाहीतर मागालीला काही कळायचे नाही. घराजवळ, खालच्या बागेत साध्या वेली आहेत. त्या आखूड छाटायच्या असतात. काडीवर दोन डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या जागा, ठेवायचे, बाकी उडवायचे. खालच्या बागेत लांब राहिलेली काडी दिसली की समजावे, इथे आळशी माणूस राहतो. शातूसचे उलटे आहे. तिचे खालचे दोन-तीन डोळे नुसती पाने देतात. घड येतो तो वरच्या डोळ्यांवर. म्हणून तिला आठ-दहा डोळ्यांची लांब मालकाडी, म्हणजे घड धरणारी काडी, ठेवायची, ती वाकवून विलोच्या ओल्या फोकेने बांधायची, आणि बुडाशी दोन डोळ्यांची एक आखूड काडी पुढच्या वर्षासाठी राखायची. वाकवायची ती दमट दिवशी. कोरड्या वाऱ्यात ती मोडते, आणि मोडली की वर्षभर आपल्याकडे बघत राहते.

आमच्या घरात बायका छाटणी करत नसत. आम्ही मागून काड्या गोळा करायच्या, मोळ्या बांधायच्या. वरची शातूस तर बाबा स्वतःच छाटायचे, स्वतःच बांधायचे. त्यांच्यानंतर ती बातिस्तची, हे ठरलेले होते. आई मी अकरा वर्षांची असताना गेली. घरात आम्ही तिघेच.

१९४० च्या फेब्रुवारीत बातिस्त सैन्यातून दहा दिवसांच्या रजेवर आला. बाबा छातीत कफ साचून अंथरुणाला खिळले होते. त्यांनी त्याला जवळ बोलावले आणि म्हणाले, "शातूस तू छाट. पोरीला कात्रीला हात लावू देऊ नकोस."

बातिस्तचे मन कात्रीत नव्हते. खाली जोयूजला ओनोरीन नावाची मुलगी होती, रेशमाच्या गिरणीत काम करायची. दहा दिवस होते आणि त्यानंतर युद्ध होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मीच त्याला म्हटले, "तू जा. मी करते."

"तुला येतं का?"

"खालच्या बागेत तूच तर शिकवलंस."

"शातूस वेगळी असते, नोएली."

"वेल ती वेल. जा रे तू, ती वाट बघत असेल."

तो गेला. सहा दिवस रोज गेला. मी सहा दिवस वर एकटी होते. आणि इथे मी खरे लिहिणार आहे. बाबा शातूसला लांब काडी ठेवतात हे मला दिसत होते. मी आंधळी नव्हते. पण मला वाटले, बाबांचे वय झाले, हात आवरत नाही, म्हणून लांब सोडतात. मला वाटले, मी नीटनेटके करून दाखवीन. मी सतरा वर्षांची होते आणि माझ्या बापापेक्षा मला जास्त कळत होते. सगळ्या वेली मी दोन डोळ्यांवर आणल्या. सातही पायऱ्या इतक्या सारख्या दिसत होत्या की खाली उतरताना मी तीनदा वळून पाहिले.

शेवटच्या संध्याकाळी बाबांनी बातिस्तला विचारले, "झाली?"

"झाली, बाबा."

"सगळी?"

"सगळी."

तो दुसऱ्या दिवशी परत गेला. जूनमध्ये शत्रूच्या हाती सापडला आणि पुढची पाच वर्षे जर्मनीत कैदी राहिला.

बाबा मेमध्ये उठून फिरायला लागले. एक दिवस ते काठी घेऊन वर गेले. खाली आले ते दाराच्या पायरीवर बसले आणि जेवायला आत आले नाहीत. त्या वर्षी शातूसला इतकी पाने आली की बांध दिसेनात, आणि सगळ्या बागेत एक घड नव्हता. ती वाइन आम्ही दर वर्षी नवी असतानाच, मुरवायला, वर पठारावरच्या लोकांना द्यायचो आणि त्यांच्याकडून राय हे धान्य, बटाटे, लोणी घ्यायचो. त्या हिवाळ्यात आम्ही चेस्टनट उकडून खाल्ले, चेस्टनट भाजून खाल्ले, आणि शेवटी खेचर विकले. त्याचे नाव बिजू होते. त्याला नेताना बाबा घरातून बाहेर आले नाहीत.

त्यांनी मला काही विचारले नाही. त्यांच्या डोक्यात माझे नावच नव्हते. त्यांनी बातिस्तला छावणीत पत्र लिहवून घेतले, माझ्याच हाताने: 'तू शातूस आखूड छाटलीस. का?' मी ते शब्दाला शब्द लिहिले आणि पाकीट चिकटवले.

उत्तर फेब्रुवारीत आले. कैद्यांना पत्राला मोजक्या ओळी असायच्या. बातिस्तने त्यातल्या तीन ओळी यावर खर्च केल्या. 'बाबा, शातूस मी छाटली. मन दुसरीकडे होतं. चूक माझी आहे.' आणि शेवटी: 'नोएलीला सांभाळा.' बाबांना चष्म्याशिवाय दिसत नसे, म्हणून ते पत्र मीच त्यांना वाचून दाखवले. माझा आवाजसुद्धा कापला नाही.

बाबा उठले, खुंटीवरची कात्री काढली आणि माझ्यापुढे टेबलावर ठेवली. "ही तुझी. त्याच्या हातात ही परत जाणार नाही." त्या महिन्यात त्यांनी मला वर नेऊन शातूस शिकवली. मी आयुष्यात इतक्या लक्षपूर्वक काही शिकले नाही. ती कात्री मी सत्तावन्न वर्षे वापरली.

तेव्हा बोलले असते तर? बाबांनी मला मारले असते, दोन दिवस जेवू घातले नसते, आणि कात्री परत खुंटीवर गेली असती, बातिस्तची वाट बघत. म्हणून मी बोलले नाही. लोक म्हणतील बापाच्या धाकाने गप्प बसली. नाही. मला ती बाग हवी होती. एवढेच कारण होते.

बातिस्त ४५ साली परत आला. त्याने बागेकडे एकदा पाहिले, माझ्याकडे एकदा पाहिले, आणि ओनोरीनशी लग्न करून खाली जोयूजला गेला. रस्ते दुरुस्तीच्या कामावर लागला. वाटणीत बाबांनी त्याला चेस्टनटचे रान दिले आणि बाग माझ्याकडे ठेवली. बाबा मरेपर्यंत त्याच्याशी हवापाण्यापलीकडे बोलले नाहीत.

आणि गावाने तर कमालच केली. रेजिसचा बाप मारियुस वेदेल कॅफेत बसून एकदा म्हणाला 'ही बघा बातिस्तची छाटणी', आणि ते सगळ्यांच्या तोंडी बसले. कोणाची पँट आखूड शिवली गेली, बातिस्तची छाटणी. न्हाव्याने पोराचे केस वेडेवाकडे कापले, बातिस्तची छाटणी. पाद्रीबाबांचे प्रवचन लवकर आटोपले तरी तेच. आज ज्यांना बातिस्त कोण हे माहीत नाही तेही म्हणतात. बातिस्त स्वतः ऐकायचा आणि हसायचा. त्याच्या मुलाने कधी कात्री हातात धरली नाही. आपल्या घराण्याच्या हाताला छाटणी नाही, असे त्या पोराला शाळेतच शिकवले गेले.

१९८२ च्या शरदात मी त्याच्याकडे गेले होते. तो दारातल्या बाकावर चेस्टनट सोलत बसला होता. मी म्हटले, "बातिस्त, मी सांगून टाकते सगळ्यांना."

"बेचाळीस वर्षांनी? लोक म्हणतील म्हातारीला भ्रम झाला."

"तुला राग नाही आला कधी?"

"आला की. बाबा गेले तेव्हा आला. चांगला महिनाभर होता." त्याने माझ्या हातात एक सोललेला चेस्टनट ठेवला. "पण त्या सहा दिवसांत ओनोरीनला भेटायला मी गेलो होतो ना? तू नाही. बाबांनी काम मला सांगितलं होतं. मला त्या सहा दिवसांतून बायको मिळाली, पोरगा मिळाला. मी काही फुकट नाही दिलं तुला."

तो म्हणाला, "गावाचं जाऊ दे. फक्त आमच्या पोरांना सांग कधीतरी. त्यांना खरंच वाटतं गं, की त्यांच्या हातात काहीतरी खोट आहे."

मी म्हटले, "सांगेन." तो पुढच्या वसंतात गेला. मी सांगितले नाही. पिशव्यावाली माणसे आली, फोटो आला, कौतुक झाले, आणि कौतुक चालू असताना मध्येच हे कसे सांगायचे, असे मी पंधरा वर्षे स्वतःला समजावत आले.

आता शेवटचे आणि सगळ्यात वाईट. १९९५ च्या जानेवारीत मागाली माझ्याकडे आली. तिने नवी कात्री विकत घेतली होती, लाल मुठीची. म्हणाली, "आत्या, मला शातूस शिकव ना." तिच्या घरातले सगळे मला आत्याच म्हणतात. आम्ही तिसऱ्या पायरीवर होतो. बांधापलीकडून रेजिसने डोके वर काढले आणि ओरडला, "अगं नोएली, बातिस्तच्या नातीच्या हातात कात्री देतेस? वेलींना आधी कळवलंस का?"

आणि मी हसले. मी, नोएली रूर, हसले. आणि तिला म्हटले, "तू आपली काड्या गोळा कर."

तिने दिवसभर काड्या गोळा केल्या. बेचाळीस मोळ्या बांधल्या, एकही सैल नव्हती. अंजिराजवळच्या शेवटच्या वेलीपाशी थांबून तिने विचारले, "आत्या, हिला घड येत नाहीत का?" मी म्हटले, "वांझ आहे ती." ती म्हणाली, "मग काढून का नाही टाकत?" मी म्हटले, "सवय झालीय तिची." जाताना तिची लाल मुठीची कात्री माझ्या खिडकीत विसरली. विसरली नव्हती. त्यानंतर ती नाताळला येते, केक आणते, माझ्या तब्येतीची चौकशी करते, पण बागेत पाऊल टाकत नाही.

ती कात्री मी दर महिन्याला तेल लावून ठेवली आहे. बाबांची कात्रीही मागालीची, पण ती तिला वापरावीशी वाटली नाही तर मला समजेल. तिच्या हातात काहीही खोट नाही. खोट माझ्या हातात होती, आणि तीही शिकल्यावर गेली.

कलम सातवे. अंत्यविधी झाल्यावर, पेटी बाहेर काढण्याआधी, रेजिस वेदेल याने चर्चच्या पायऱ्यांवर उभे राहून सहावे कलम मोठ्याने वाचावे. हिवाळ्यात सभागृहात लोटो हा आकड्यांचा खेळ असतो, तिथे तो ज्या आवाजात आकडे पुकारतो, त्या आवाजात. एक शब्द गाळू नये, स्वतःच्या बापाचे नाव तर नाहीच. यापुढे गावाला वाईट कापाकापीसाठी काही म्हणायचेच असेल तर नोएलीची छाटणी म्हणावे. मला चालेल. वाचून झाल्याशिवाय वाट, दगड आणि नव्वदची वाइन, यांतले काहीही रेजिसला मिळू नये.

कलम आठवे. अंजिराजवळची वेल वांझ नाही. बातिस्त गेला त्या वर्षापासून मी तिला एकटीलाच मुद्दाम आखूड छाटत आले आहे, दोन डोळ्यांवर, सतरा वर्षांच्या नोएलीने छाटली होती तशी. मला विसरता येऊ नये म्हणून. पंधरा वर्षे ती माझ्या शिक्षेत भागीदार झाली, बिचारीचा काही दोष नसताना. माझ्या मागे मागालीने सगळ्यात आधी तिला लांब काडी ठेवावी. त्याच शरदात तिला घड येतील. पहिला घड बातिस्तच्या थडग्यावर ठेवावा. बाकीचे तिने खावेत. आंबट असतात, पण खावेत.

इथवर लिहून मी थांबले होते. हाताने लिहिलेल्या मृत्युपत्राला साक्षीदार लागत नाहीत, असे दाल्वेर्नी साहेब म्हणतात. कायद्याला लागत नसतील, मला लागतात. म्हणून आज दुपारी मी रेजिस आणि जोसियान यांना स्वयंपाकघरात बसवून हे सगळे वाचून दाखवले. जोसियान रडली, ती सुई टोचतानाही रडू शकते. रेजिस टोपी हातात धरून जमिनीकडे बघत होता. शेवटी म्हणाला, "म्हणजे माझ्या बापाने..."

"हो."

"आणि मी त्या पोरीला..."

"आपण दोघांनी."

तो उठला. मला वाटले चालला. पण त्याने दार नुसते उचलून पाहिले, ढकलले नाही, आणि परत येऊन बसला. "हे मी चर्चच्या पायऱ्यांवर वाचायचं?"

"मी गेल्यावर."

"आणि मी आधी गेलो तर?"

याचा मी विचार केला नव्हता.

"नोएली," तो म्हणाला, "सत्तावन्न वर्षं थांबलीस, तरी आणखी थांबायची हौस आहे तुला? मेलेल्या माणसाला लाज वाटत नाही. ती आत्ता वाटायला पाहिजे, आपल्याला दोघांनाही. रविवारी लोटो आहे. सगळं गाव असेल. मी आकड्यांच्या आधी वाचतो."

"मी समोर बसलेली असताना?"

"मग काय, मी एकट्याने खाऊ सगळ्यांच्या शिव्या?"

जोसियानने फोन उचलून माझ्या हातात दिला. मी मागालीला फोन लावून विचारले, रविवारी सुट्टी आहे का.

"आहे. का गं आत्या? बरं नाही वाटत का?"

"बरं आहे. दुपारी लोटोला ये. सगळे या."

"लोटोला? आम्ही?"

"आणि त्याआधी सकाळी तू एकटी इकडे ये. एक वेल छाटायची राहिलीय."

तिने हळूच विचारले, "काड्या गोळा करायला ना?"

"नाही. छाटायला. काड्या मी गोळा करीन. तुझी कात्री इथेच आहे."

कलम नववे, वरील साक्षीदारांसमोर वाढवलेले. सातव्या कलमात 'अंत्यविधी झाल्यावर' आणि आठव्या कलमात 'माझ्या मागे' असे जिथे जिथे लिहिले आहे, तिथे तिथे 'येत्या रविवारी' असे वाचावे. सातव्यातली पेटी वगळावी आणि चर्चच्या पायऱ्यांऐवजी लोटोचे सभागृह धरावे. दगड रेजिसने आजच जाताना नेला. बाकी कलमांना घाई नाही.

हे सर्व मी वाचले, वाचून दाखवले, आणि ते खरे आहे.

सही: नोएली रूर

साक्षीदार. या कागदावर दुसऱ्याचे अक्षर चालत नाही, म्हणून त्यांची नावे मीच लिहिली. त्यांच्या सह्या वेगळ्या कागदावर सोबत जोडल्या आहेत.
१. रेजिस वेदेल, शेतकरी. सही करताना त्याने विचारले की बकरीचा उल्लेख काढता येईल का. येणार नाही.
२. जोसियान पेलिए, नर्स.

स्थळ: ला व्हर्नेद
गुरुवार, ता. १२ फेब्रुवारी १९९८
छाटून झालेल्या वेली एकशे चौऱ्याऐंशी. एक मागालीसाठी ठेवली आहे.